दोन नावं

त्यानं मोटारसायकल पिठाच्या गिरणीपाशी लावली आणि तिथून अंधारात चालत आला. रात्री साडेनऊला माझ्या दाराशी त्याची गाडी दिसली असती तर सकाळपर्यंत ते गावभर झालं असतं. गेल्या आठ दिवसांत एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

माझा विद्यार्थी. नववी-दहावीला मी त्याला इतिहास शिकवला. गणितात पैकीच्या पैकी, इतिहासात मात्र सनावळ्या उलट्यापालट्या. आता तिशी ओलांडलेला, गोठ्यात चार एचएफ गाई, आणि तीन महिन्यांपूर्वी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झालेला. बापाच्या वयाच्या माणसाला पाडून निवडून आला. प्रचारात त्यानं एकच सांगितलं होतं : फॅट बरोबर लागली पाहिजे.

तो ओट्यावर टेकला. पाणी दिलं तर भांडं हातातच धरून बसला.

“सर, उद्या दहाला सभा आहे. दोन नावं सांगितली की मी सुटतो.”

आता ज्याच्या घरी जनावर नाही त्याला थोडं सांगायला हवं. गाईच्या दुधाला भाव मिळतो तो तीन-पाच, म्हणजे साडेतीन टक्के फॅट आणि आठ-पाच एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, धरून. त्याच्या खाली एकेक पॉइंट गेला की लिटरमागे पैसे कापले जातात. संकलन केंद्रावर बाई दूध ओतते, काट्यावर वजन होतं, सचिव छोट्या बाटलीत सॅम्पल घेऊन मशीनला लावतो. मशीन ‘टीं’ करतं आणि आकडा उमटतो. तो आकडा सचिवाच्या तोंडासमोर असतो. बाईच्या समोर असते मशीनची पाठ. सचिव सांगेल तो आकडा, आणि दहा दिवसांनी हातात पडेल ते बिल. या दहा दिवसांच्या बिलावर किराणा, पोरांची फी आणि सरकी पेंडीची उधारी चालते. म्हणजे बघा, अख्ख्या घराचा हिशेब त्या मशीनच्या पाठीमागे.

झालं होतं असं. दोघी जणी त्याच्या आईकडे बसायला आल्या होत्या. बोलता बोलता एकीनं सांगितलं, गाय तीच, पेंड तीच, चारा तोच, तरी आपल्या डेअरीवर तीन-दोन लागतं आणि माहेरी नेऊन तपासलं तर तीन-सात. दुसरीनं दुजोरा दिला. जाताना म्हणाल्या, “बघ बाबा तू आता.”

याला तेवढं पुरलं. त्याच रात्री संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यानं लिहिलं की सचिव फॅट मारतो, माझ्याकडे पुरावा आहे आणि दोन सभासद साक्ष द्यायला तयार आहेत.

“बघ बाबा” या दोन शब्दांचा यानं पुरावा केला आणि साक्षीदारही केले.

सचिव वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस. त्यानं आरडाओरड केली नाही. तालुका संघाकडे स्वतःच अर्ज दिला, माझी तपासणी करा म्हणून. सुपरवायझर आला, फॅट मोजायच्या गर्बरच्या नळीत ॲसिड घालून पाच-सहा सॅम्पलं तपासली, मशीनशी ताडून पाहिली. बरोबर निघाली. त्या दिवशी तरी बरोबर निघाली. मग सचिवानं वकिलाकडून नोटीस पाठवली आणि सभा मागितली. मागणी एवढीच की चेअरमननं साक्षीदारांची नावं सांगावीत, नाहीतर खुर्ची सोडावी.

“त्या दोघी काय म्हणतात?” मी विचारलं.

“पाया पडायच्या बाकी आहेत, सर. एकीच्या नवऱ्यानं गाईसाठी संस्थेतून उचल घेतलीय, जामीन सचिवच आहे. दुसरी त्याच्याच भावकीतली. म्हणतात, आमचं नाव काढू नको, आम्ही बोललोच नाही म्हणून सांगू. सर, मी यांच्यासाठी बोललो आणि या…”

त्यानं वाक्य सोडलं. थोड्या वेळानं म्हणाला, “सांगून टाकतो नावं. खरं तेच सांगायचं ना? तुम्हीच शिकवलंय.”

हे मात्र त्यानं बरोबर नेम धरून मारलं.

“गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट आठवते का तुला?” मी म्हणालो.

“ती गणिताची? दुसऱ्याकडून गणित सोडवून आणलं, गुरुजींनी कौतुक केलं, तर रडायला लागले ती?”

तीच. महाराष्ट्रातल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या ऐकवलेली. तिच्यात खरी किती आणि रचलेली किती कुणास ठाऊक. थोरांच्या बालपणीच्या गोष्टी बहुधा ते थोर झाल्यावर लोकांना सुचतात. पण त्या गोष्टीनं एक नुकसान केलं. गोखले म्हटलं की आपल्याला बाकावर उभा राहून रडणारा गोपाळ दिसतो. एकतिसाव्या वर्षी मुंबई बंदरात बोटीवर उभे असलेले गोखले दिसतच नाहीत. त्या दिवशी ते रडले नसतील, पण गणित तेव्हा फार अवघड होतं.

मी त्याला ते सांगायला बसलो. शाळेत सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकात नसलेलं शिकवायला तासाला वेळ कुठे असतो.

१८९७ साल. पुण्यात प्लेग. रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग कमिटीच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. माजघर नाही, देवघर नाही, बाळंतिणीची खोली नाही, सगळीकडे बुटांसकट. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत, सामान रस्त्यावर, त्यातलं काही जाळून टाकायचं. रोग आवरायचा होता हे खरं. पण लोकांना रोगापेक्षा उपायाची धास्ती बसली, हेही तेवढंच खरं.

गोखले तेव्हा पुण्यात नव्हते. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन बसलं होतं, त्याच्यापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. फर्ग्युसन कॉलेजातला हा तरुण प्राध्यापक, कोकणातल्या कोतळूकमध्ये जन्मलेला, घरची गरिबी पाहिलेला. कमिशनपुढे त्यांनी आकड्यांवर आकडे मांडले. लष्करावर किती जातो, इंग्लंडात किती जातो, रयतेच्या वाट्याला काय उरतं. उलटतपासणीत मुरलेल्या साहेबांना ते पुरून उरले.

“म्हणजे माझ्यासारखे,” तो जरासा हसला. “गणितात पैकीच्या पैकी.”

“हो. आणि पुढं तुझ्यासारखेच घसरले.”

पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं येत होती. झडत्यांची वर्णनं, लोकांचे हाल. त्यात एक हकिगत अशी होती की सोजिरांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. हजारो मैलांवर, परक्या गावात, असं पत्र हातात पडल्यावर माणसाचं काय होत असेल! गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ या वर्तमानपत्राला सांगितलं. पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही मांडलं. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी साफ इन्कार केला. पुरावा काय, हा प्रश्न आला.

पुरावा म्हणजे ती पत्रं. लिहिणारे विश्वासातले, प्रतिष्ठित. गोखल्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला, यात गैर काय? पण लष्करी खर्चाचा एक आकडा तीनदा ताडून बघणारा हा माणूस दोन जिवांची गोष्ट मात्र एका कागदावरून बोलून बसला. का? कारण आकड्यानं रक्त तापत नाही, पत्रानं तापतं. रक्त तापलं म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. न तापणाऱ्याला पुढारी कोण म्हणेल? चूक तिथं नव्हती, पुढच्या पावलात होती.

मधल्या काळात पुण्यात सगळंच पालटलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच्यामागून येणारा गोरा अधिकारी आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. सरकार पिसाळलं. जुलै संपता संपता टिळकांना अटक झाली, पुण्यातल्या नातू बंधूंना विनाचौकशी उचललं. आणि नेमक्या या दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईला लागली.

बोटीवर कोण चढलं माहीत आहे? पोलीस कमिशनर. त्याला नावं हवी होती. पत्रं कुणी लिहिली? त्या बायका कोण?

माझा विद्यार्थी आता पुढे सरकून बसला होता. पाण्याचं भांडं त्यानं खाली ठेवलं.

“मग?”

“मग काय. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांना विचारलं, कुणी उभं राहता का? कुणी राहिलं नाही.”

“बघा!” तो जवळजवळ ओरडलाच. “लिहायच्या वेळी सगळे, उभं राहायला कुणी नाही.”

“अरे, कसं राहणार? टिळक तुरुंगात. नातूंवर खटला नाही, आरोप नाही, तरी आत. जो पुढे येईल तो गेलाच. आणि ज्या घरातल्या बाईवर असा प्रसंग आला असेल, ते घर त्या काळात चव्हाट्यावर येऊन सांगणार होतं? आजसुद्धा किती सांगतात? तुझ्या त्या दोघी फॅटच्या एका पॉइंटसाठी पुढे यायला भितात. त्यांच्या जागी तू असतास तर आला असतास? उचल त्यांची, जामीन सचिव.”

तो गप्प झाला.

गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. एक, आपल्या म्हणण्यावर अडून बसायचं, पुरावा नसला तरी. पुण्यात वाहवा झाली असती, कदाचित खटला झाला असता, तुरुंगही. तुरुंगातून सुटलेल्या माणसाची मिरवणूक निघते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसरी, नावं सांगायची. मला यांनी सांगितलं, यांना विचारा. त्यात खोटं काहीच नव्हतं. ते मोकळे झाले असते. तिसरी, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

रानडे त्यांचे गुरू, तेव्हा मुंबईला हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांच्यासारख्यांशी बोलणं झालं. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. वर्तमानपत्रांतून, सगळ्या जगासमोर, एकही पण-परंतु न घालता. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि सोजिरांचीसुद्धा.

“सोजिरांची?”

“हो. आणि ते मला अजून पचत नाही,” मी म्हणालो. खरंच पचत नाही. मी सिद्ध करू शकत नाही ते बोललो, ही चूक माझी, एवढ्यावर थांबता आलं असतं. सोजिरांपुढे इतकं वाकायची गरज नव्हती असं मला वाटतं. पण मी माझ्या ओट्यावर बसून बोलतोय. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या मित्रांच्या दारावर पोलीस कधी येतील याचा नेम नव्हता. कदाचित माफी जेवढी पूर्ण, तेवढी चौकशीची दोरी लवकर तुटेल, असाही हिशेब असेल. माझा अंदाज आहे, इतिहास नव्हे.

“पण सर, ते खरं होतं का? बायकांचं?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. वर्गात विचारला असता तर मी घड्याळाकडे पाहिलं असतं.

“झडत्यांमधल्या अत्याचारांची ओरड पुण्यात घरोघर होती. ती काही सगळी हवेतली नव्हती. पण ही एक हकिगत सिद्ध झाली नाही. सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी होती असंही नाही. गोखल्यांनी माफी मागितली ती, असं काही घडूच शकत नाही म्हणून नव्हे. हातात नसताना ‘आहे’ म्हणालो, याची ती माफी होती. या दोन गोष्टींत तुला फरक कळतो का बघ. कारण उद्या सकाळी तुला नेमका तोच सांगायचाय.”

तो बराच वेळ गिरणीच्या दिशेनं बघत राहिला.

“लोक काय म्हणाले त्यांना?”

“काय म्हणणार? भित्रा म्हणाले. गोऱ्यांची पत्रं तर हसलीच, आपल्याही लोकांनी सोडलं नाही. वर्षअखेरीला अमरावतीला काँग्रेस भरली तोवर तो डाग ताजाच होता. पुण्यात तर काही जण जन्मभर विसरले नाहीत.”

“आणि नावं?”

“सरकारला मिळाली नाहीत.”

तो मान हलवत राहिला. पण मला दिसत होतं, पटलेलं नाही. गोष्ट ऐकायला चांगली होती; पण उद्या दहा वाजता नोटीस गोखल्यांच्या नावची नव्हती, त्याच्या नावची होती. मग जे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं ते सांगितलं.

मी नोकरीला लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. एका शाळेत, नाव कशाला हवं, सहामाहीच्या आधी ऑफिसच्या कपाटातून प्रश्नपत्रिका गेल्या. एका मुलानं मला येऊन सांगितलं, कुणी काढल्या ते. नववीतला मुलगा, शाळेच्या मागच्या वस्तीतला. सांगताना शर्टाचं खालचं बटण पिळत होता. काढणारी मुलं वजनदार घरची. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. पालकांना बोलावलं. एक पालक टेबलावर हात आपटून म्हणाला, “कोण म्हणतं? नाव सांगा!” आणि मी सांगितलं. मला वाटलं, आपण खरं बोलतोय. पत्रिका त्या मुलांच्या दप्तरात सापडल्याही. माझं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. हेडमास्तरांनी शाबासकी दिली.

त्या मुलाला कुणी मारलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बाकावर कुणी बसेना. तो एकटा एका टोकाला बसायचा, दुसऱ्या टोकाला दप्तर ठेवायचा, जागा भरलेली दिसावी म्हणून. दिवाळीनंतर तो आलाच नाही. गॅरेजमध्ये लागला असं ऐकलं.

“आणि गंमत बघ,” मी म्हणालो, “त्याच आठवड्यात मी दहावीला गोखले शिकवत होतो. जन्म १८६६, भारत सेवक समाज १९०५, मृत्यू १९१५. पोरांकडून पाठ करून घेतलं.”

तो काही बोलला नाही. उठला, चप्पल घातली. पायरीवर थांबून म्हणाला, “म्हणजे सचिव जिंकला.”

“उद्यापुरता जिंकेल.”

“आणि फॅट?”

आता हा खरा चेअरमनचा प्रश्न होता. इतका वेळ तो स्वतःविषयी बोलत होता. मी त्याला परत बसवलं.

गोखल्यांचं पुढं काय झालं ते ऐक म्हटलं. प्लेग पुन्हा आला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक म्हणून रोग्यांच्या छावण्यांतून फिरले. तोंड लपवून घरी बसले नाहीत. १८९९ ला मुंबईच्या कायदेमंडळात गेले, पुढे कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या. १९०२ साली बजेटवरचं त्यांचं पहिलं भाषण झालं. समोर व्हाइसरॉय कर्झन. सरकार खुशीत होतं, तिजोरीत शिल्लक पडली होती. गोखले उठले आणि सरकारचेच आकडे घेऊन सरकारला दाखवलं की ही शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे. दुष्काळानं रयत मोडलेली असताना गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची ही खूण आहे. मिठावरचा कर कमी करा. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. कुणाचं पत्र दाखवलं नाही. जे पुस्तक सरकारच्या टेबलावर होतं तेच त्यांनी सरकारकडे तोंड करून ठेवलं. पुढच्या वर्षी मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला, आणि नंतरही उतरत गेला. श्रेय एकट्या त्यांचं नाही. पण बोलणं असं होतं की त्याला पुरावा विचारायची सोय नव्हती. पुरावा विचारणाऱ्याच्याच कपाटात होता.

“सरकारकडे तोंड करून,” तो स्वतःशीच म्हणाला.

मग तो गेला. गिरणीपाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. लोटत नेली असावी.

सभा मारुतीच्या सभामंडपात झाली. मी सभासद आहे, एक गाय होती तेव्हापासूनचा. खांबाला टेकून बसलो. बायका बाहेरच्या पायरीवर, पदर ओढून. त्यात त्या दोघी असणारच, पण कोण ते मला माहीत नव्हतं. त्यानं मला नावं सांगितली नव्हती आणि मी विचारली नव्हती.

तो उभा राहिला. हातात कागद नव्हता. म्हणाला, “मी ग्रुपवर लिहिलं की माझ्याकडे पुरावा आहे. नव्हता. साक्षीदार तयार आहेत असं लिहिलं. कुणी तयार नव्हतं, मीच लिहिलं. चूक माझी आहे. सचिवांची मी माफी मागतो.”

मंडपात कुजबुज सुरू झाली. मागून एकानं आवाज टाकला, “मग सांगितलं कुणी ते तरी कळू द्या!”

“ते मी सांगणार नाही. ज्याला काय विचारायचंय त्यानं मला विचारावं. खुर्ची सोडायची तर सोडतो.”

सचिव हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. पान लावत होता ते लावत राहिला. नोटीस मागे घेतो म्हणाला, पण चेअरमननं लिहून द्यावं. यानं तिथंच लिहून दिलं. खुर्चीचा विषय कुणी पुढे रेटला नाही. रेटला असता तर पुन्हा निवडणूक, आणि उसाला पाणी द्यायचे दिवस होते.

मग तो एवढंच म्हणाला की माझा एक ठराव आहे, आरोप नाही. मशीनचं तोंड सभासदाकडे करावं. दोघंजण कुरकुरले, टेबलाला जागा नाही, वायर पुरत नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा म्हणजे आमच्याकडे सहसा कधीच नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर शेपूट घातलेल्या कुत्र्याचं चित्र फिरत होतं. कुणी टाकलं ते सगळ्यांना ठाऊक. ज्यांनी त्याला निवडून दिलं होतं त्यांतलेही चार जण चहाच्या टपरीवर म्हणाले, पोरगं कच्चं निघालं. त्याची आई आठ दिवस देवळात गेली नाही. तो मात्र रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायचा, रांगेत उभा राहायचा, चेअरमन असून.

दहा-बारा दिवसांनी असेल, मी संध्याकाळी अर्धा लिटर आणायला किटली घेऊन केंद्रावर गेलो. नुकतंच दिवे लागलेले. आंबूस दुधाचा आणि ओल्या फरशीचा तो नेहमीचा वास. रांग बारा-पंधरा जणांची. चेअरमन सातवा. पुढे एक बाई, चाळिशीची, हातात स्टीलची बादली, दंडावर शेणाचा डाग वाळलेला. तिनं दूध ओतलं, वजन झालं. सचिवानं सॅम्पल लावलं. मशीननं ‘टीं’ केलं.

“तीन-तीन,” सचिव म्हणाला आणि वहीकडे वळला.

बाई हलली नाही.

“आकडा दिसत न्हाई मला.”

“मी सांगतोय की.”

“तुमी सांगताय ते ऐकू येतंय. दिसत न्हाई. तोंड इकडं करा त्याचं.”

रांगेतली कुजबुज थांबली. मी चेअरमनकडे पाहिलं. तो आपल्या कॅनच्या झाकणाकडे बघत होता, जणू त्याच्यावर काही लिहिलंय. त्यानं एकदा जरी मान वर केली असती तर मला कळलं असतं. त्यानं केली नाही.

सचिवानं पेन ठेवलं. मशीन उचलून फिरवायला गेला तर वायर अर्ध्यावरच ताणली. “बघा, पुरत न्हाई,” तो म्हणाला. तेवढ्यात मागच्या बाईनं आपली बादली खाली ठेवली आणि टेबलाचं एक टोक धरलं. तिच्यामागच्या पोरानं दुसरं. टेबल फरशीवर करकरत अर्धा हात भिंतीकडे सरकलं.

मशीन फिरलं. पदरानं चेहरा पुसून ती वाकली आणि त्या हिरव्या आकड्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिली. शाळा सोडून तिला बरीच वर्षं झाली असावीत. बोट काचेवर ठेवून, एकेक आकडा सुटा करत तिनं मोठ्यानं वाचलं, “तीन… टिंब… सहा.”

सचिवानं वहीत लिहिलेलं खोडलं.